चित्र आमचं, मग नाव का नाही? खान्देशातल्या गाण्यांच्या निर्मात्यांना खुलं पत्र

प्रति,
अहिराणी गाण्यांचे निर्माते, चॅनेलमालक आणि म्युझिक कंपन्या,
जळगाव, धुळे, नंदुरबार

रामराम.

हे पत्र मी तुम्हाला एकेकाला पाठवू शकलो असतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे नंबर माझ्याकडे आहेत, अनेकांच्या घरी चहा प्यायलोय, काहींच्या तर पहिल्या गाण्याचं पोस्टर माझ्याच टेबलावर तयार झालंय. तरी सगळ्यांसमोर लिहितोय, कारण जे ठरलं तेही तुम्ही मिळून ठरवलंय असं मला सांगण्यात आलं. यापुढे गाण्याच्या पोस्टरवर किंवा व्हिडिओखालच्या माहितीत फोटोग्राफरचं आणि डिझायनरचं नाव टाकायचं नाही. गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता, मेकअपवाला, ड्रोनवाला, शूटिंगला गाडी देणारे मित्र, या सगळ्यांची नावं राहतील. चित्र करणाऱ्याचं तेवढं जाईल. का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "नाव टाकलं की उद्या हक्क सांगता."

हा निर्णय मला मान्य नाही. गप्प राहिलो तर तो मान्य आहे असाच अर्थ निघेल, म्हणून बोलतोय.

मी पेंटर. अमळनेरला दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, गणपती मंडळांचे पडदे रंगवत हात बसला. तेव्हा कॅसेटचा जमाना होता. आमच्याकडच्या कानबाई या देवीची गाणी, लग्नातली गाणी, कीर्तनं, विनोदी संवाद यांच्या कॅसेटी जत्रांमध्ये विकल्या जायच्या. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, आमच्याकडे सखाराम महाराजांच्या यात्रेत, धुळ्याला एकवीरा देवीच्या यात्रेत खाटेवर कॅसेटी मांडून माणसं बसायची. त्या डबीतला घडी घातलेला कागद, ज्याला आम्ही इनले म्हणायचो, तो मी करायचो. तळहातावर मावेल एवढ्या जागेत देवी बसवायची, गायिका बसवायची, कंपनीचं नाव बसवायचं आणि तरी लांबून ओळखू आलं पाहिजे. वाचता न येणारी बाई यायची आणि म्हणायची, "ती हिरव्या लुगड्यावाली दे." गायिकेचं नाव तिला ठाऊक नसायचं, पण चित्र बरोबर ध्यानात असायचं.

अमेरिकेत 1940 च्या सुमारास ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुणानं कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डसाठी चित्रांची कव्हरं करायला सुरुवात केली. त्याआधी रेकॉर्ड बहुतेक साध्या, एकरंगी वेष्टनात विकल्या जात. त्यानंतर जगभर गाण्याला चेहरा मिळाला. आपल्याकडे तो चेहरा कॅसेटच्या कागदावर आला, मग सीडीच्या पाकिटावर, आणि आता मोबाइलच्या पडद्यावर बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, थंबनेल म्हणून. काम तेच आहे. माणसाला थांबवायचं आणि सांगायचं की हे गाणं तुझं आहे.

आता माझी पहिली तक्रार. ती सविस्तर सांगणार आहे, कारण बाकीच्या सगळ्यांचं मूळ तिच्यात आहे.

कानबाई श्रावणात येते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी सकाळी विसर्जनाला निघतात. अशाच एका सोमवारी एका निर्मात्याच्या कानबाईच्या गाण्यांसाठी मी आमच्या मोठ्या मायचा फोटो काढला. डोक्यावर चौरंग, त्यावर नारळाची कानबाई, तिच्या नाकात नथ, चांदीचे डोळे, मागे भरून आलेलं आभाळ. आभाळ आणि देवी एका चौकटीत यावी म्हणून मी बोरी नदीच्या काठच्या चिखलात आडवा झालो होतो. मोठ्या मायनं चौरंग धरायला डावा हात वर केला तेव्हा लुगड्याचा पदर मागे सरला आणि कोपरापर्यंतचं गोंदण उघडं पडलं. तुळशीवृंदावन, ठिपक्यांची एक ओळ आणि त्याखाली तिच्या भावाचं नाव. तो हात फोटोत आला म्हणून फोटो जिवंत झाला. वरची अक्षरं मी हातानं काढली, कॉम्प्युटरातला तयार फॉन्ट वापरला नाही. निर्मात्यानं पैसे दिले आणि माझं नाव टाकलं. तक्रार त्याच्याबद्दल नाही.

पुढच्या श्रावणात दुसऱ्या एका चॅनेलवर नवं गाणं आलं, हळदीत नाचायचं, डीजेचं. त्याच्या थंबनेलवर माझा फोटो होता. फोटो आरशात दिसावा तसा उलटा केला होता आणि मोठ्या मायच्या चेहऱ्याच्या जागी एका तरुण मॉडेलचा चेहरा चिकटवला होता. उलटा केल्यामुळे कानबाईची नथ उजव्या नाकपुडीत गेली. ज्या बाईनं आयुष्यात एकदा तरी कानबाई बसवली आहे, तिच्या डोळ्यांना ते क्षणात खुपेल. हात मात्र बदलायचा राहिला. विशीतल्या मुलीच्या चेहऱ्याखाली सत्तरीतल्या बाईचा सुरकुतलेला हात, आणि त्यावर उलट्या अक्षरांत मोठ्या मायच्या भावाचं नाव.

मोबाइल मोठ्या मायच्या हातात दिला. तिनं तो चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "हाऊ हात मना शे," ती म्हणाली, म्हणजे हा हात माझा आहे. "तोंड कोनं लाई दिधं?" मग गाणं ऐकून विचारलं, की कानबाई डोक्यावर असताना ही पोरगी असं का नाचते. मला उत्तर देता आलं नाही. तिनं फोटोला हो म्हटलं होतं ते कानबाईच्या गाण्यासाठी. मला हो म्हटलं होतं, घरच्या माणसाला. तो होकार दुसऱ्या कुणाच्या, दुसऱ्या गाण्यासाठी पुढे चालू राहतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मी चॅनेलच्या मालकांना फोन केला. आवाज चढवला नाही. त्यांनीही चढवला नाही, हे कबूल करतो. ते म्हणाले, "पेंटर, थंबनेलकडं कोण बघतं? लोक गाणं ऐकतात." मी म्हटलं, बघत नसतील तर काढून टाका. त्यांनी काढलं नाही. आणि त्यानंतर काही दिवसांनी नावं न टाकण्याचा तुमचा निर्णय कानावर आला.

थंबनेलकडं कोण बघतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गाणं उचललं गेलं नाही तर पहिल्याच दिवशी संध्याकाळी "पेंटर, दुसरं टाका, लवकर" असा फोन तुम्हीच करता. एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून कोणतं जास्त चालतं हे तपासण्याची सोय खुद्द यूट्यूबनं दिली आहे, आणि तुमच्यातले बरेच जण ती वापरतात. ज्या वस्तूसाठी एवढी धावपळ होते तिला किंमत नाही, असं फक्त करणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली की म्हटलं जातं.

माझ्याबाबतीत हे झालं म्हणून मी लिहितोय, पण माझ्यापुरतं नाही. चोपड्याच्या, शिरपूरच्या, नवापूरच्या पोरांनी काढलेले फोटो असेच उचलले गेलेत. ती पोरं नवीन आहेत, बोलली तर काम जाईल अशी भीती आहे. माझं वय झालं, मला ती भीती नाही.

तुमच्याकडून एक युक्तिवाद नेहमी येतो. कला म्हणजे नक्कलच असते, कोण कुणाचं घेत नाही? याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्यात थोडं खरं आहे.

भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत रॉबर्ट गिल यांची कबर आहे. आपल्याकडच्या किती जणांना हे माहीत आहे, कोण जाणे. मद्रास लष्करातला हा अधिकारी. 1844 साली त्यांना अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करायच्या कामावर नेमलं आणि त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्यात गेलं. अंधाऱ्या लेण्यांत उभं राहून त्यांनी मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नक्कल केली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या त्यातल्या बहुतेक प्रती 1866 च्या आगीत जळाल्या. 1879 मध्ये गिल वारले आणि भुसावळला विसावले. आयुष्यभर नक्कल केलेला माणूस, आणि तरी त्यांना कुणी चोर म्हणत नाही. कारण त्या चित्रांखाली अजिंठा असंच लिहिलं होतं. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या, त्याही अजिंठ्याच्याच म्हणून. त्यांच्यापैकी कुणी बोधिसत्त्वाचा चेहरा खरवडून तिथे आपल्या ओळखीच्या माणसाचा चेहरा बसवला नाही.

पॉप संगीतातलं एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. 1956 साली एल्व्हिस प्रेस्लीचा पहिला अल्बम आला. कव्हरवर गातानाचा काळापांढरा फोटो, डाव्या बाजूला उभी गुलाबी अक्षरं, खाली आडवी हिरवी अक्षरं. 1979 मध्ये द क्लॅश या इंग्लिश बँडनं 'लंडन कॉलिंग' काढला तेव्हा रे लोरी यांनी अक्षरांची तीच मांडणी आणि तेच दोन रंग उघडउघड घेतले. पण फोटो पेनी स्मिथ यांचा, त्यांनी स्वतः काढलेला, गिटार जमिनीवर आपटणाऱ्या पॉल सिमोनॉनचा. बघणाऱ्याला मूळ कव्हर आठवावं हाच हेतू होता. आणि आज इतक्या वर्षांनी अमळनेरमध्ये बसून मी या दोघांची नावं लिहू शकतो, कारण ती नोंदलेली आहेत.

एवढं लांब जायचंही कारण नाही. मालेगाव आपल्या शेजारी. तिथल्या शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या पैशांत हिंदी सिनेमाची विडंबनं केली, 'मालेगाव के शोले' असं नावातच मूळ सांगून. लोक ते मूळ ओळखूनच हसले. हे उधार घेणं मला पूर्ण मान्य आहे.

उलटही सांगतो, म्हणजे माझ्यावर एकांगीपणाचा ठपका नको. कव्हर चोरल्याचे सगळेच आरोप खरे नसतात. हळदीचा पिवळा रंग माझा नाही. हिरवा चुडा, ट्रॅक्टरवर बसलेला नवरदेव, केळीच्या बागेतली मुलगी, सातपुड्यामागे मावळणारा सूर्य, यातलं काहीही कुणा एकाचं नाही. दोन पोस्टरवर एकच ट्रॅक्टर दिसला म्हणून कुणी माझ्याकडे भांडण घेऊन आलं तर मी त्याला परत पाठवीन. 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, ती ज्या विशिष्ट रूपात मांडली त्या रूपावर असतो. आनंद यांचा दावा होता की त्यांच्या नाटकावरून सिनेमा उचलला. विषय एकच, मांडणी वेगळी, म्हणून ते हरले. माझ्या फोटोत मात्र विषय उचललेला नाही. हात उचललाय, आभाळ उचललंय, गोंदण उचललंय.

दुसरी तक्रार चोरीपेक्षाही मला जास्त सलते. आपली गाणी आज पुण्या-मुंबईच्या हळदीत वाजतात. ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नाही ती माणसं त्यावर नाचतात. खान्देशाला असे दिवस कधी आले नव्हते. आणि अशा वेळी गाण्याचा चेहरा म्हणून आपण काय दाखवतो? पंजाबी अल्बमच्या कव्हरवरची परदेशी मोटार, तिच्या बॉनेटवर आपला गायक. दक्षिणेतल्या सिनेमाच्या पोस्टरमधलं धड, त्यावर आपल्या हिरोचं डोकं. एका गाण्याच्या कव्हरवर तर मागे बर्फ पडतोय. गाणं कापूस वेचणाऱ्या मुलीचं आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर पोळणाऱ्या जळगावात बसून कुणीतरी ते बर्फ चिकटवलं आणि कुणीतरी ते पास केलं.

तुम्ही म्हणता, तसं केलं की भारी दिसतं. चाळीसगावला केकी मूस नावाचे छायाचित्रकार होऊन गेले. 1989 साली गेले. जवळपास सगळं आयुष्य त्यांनी चाळीसगावच्या आपल्या घरात काढलं, आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यावर प्रकाश पाडून अशी दृश्यं उभी केली की बघणाऱ्याला ती बाहेरच्या जगातली वाटावीत. त्यांचं घर आज कलादालन आहे. तुमच्यापैकी किती निर्माते आपल्या डिझायनरला घेऊन तिथे गेलेत? जळगावहून रेल्वेनं सरळ जाता येतं. आपल्याच मातीत, घराच्या चार भिंतींत, कमी साधनांत स्वतःचं चित्र कसं उभं राहतं हे तिथे बघायला मिळेल.

तिसरी तक्रार चालींची. हा माझा प्रांत नाही, पण कव्हरवर नावं मीच लिहितो, त्यामुळे मला दिसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली झोक्यावर जी गाणी म्हणत आल्या, गौराईची, कानबाईची, जात्यावरची, ती "गीत-संगीत" म्हणून एखाद्याच्या नावावर छापायला सांगितली जातात. मी "पारंपरिक" लिहिलं की फोन येतो, ते काढा. त्याहून वाईट पुढे होतं. आमच्या ओळखीतल्या एका खेड्यात बायकांच्या भजनी मंडळाची कानबाईची गाणी नातीनं मोबाइलवर चित्रित करून चढवली. थोड्याच दिवसांत त्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला, तीच चाल वापरून गाणं काढलेल्या कंपनीचा. ज्या बायका हे गाणं आपल्या आईकडून, सासूकडून शिकल्या त्यांना नोटीस. हरकत घेतली तर दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात, आणि ती हरकत घ्यायची कशी हे त्या मुलीला सांगणारं गावात कुणी नव्हतं. परंपरेची चाल घेऊन तुम्ही वाद्यं वाजवलीत, रेकॉर्डिंग केलंत, तर ते रेकॉर्डिंग तुमचं आहे. चाल तुमची होत नाही. हा दावा नजरचुकीनं यंत्रानं केला असेल तर तो एका क्लिकवर मागे घेता येतो. घेतला गेला नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या 1951 साली गेल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली, ती मुलगा सोपानदेव यांच्यामुळे. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आईच्या ओळी स्वतःच्या नावावर खपवल्या असत्या तर त्या काळात कुणाला कळलंही नसतं. आज असोद्याच्या त्या माऊलीचं नाव विद्यापीठाला आहे. तुम्ही कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्यांच्या फोटोला हार घालता. त्याच कार्यक्रमाच्या पोस्टरवर ते पोस्टर करणाऱ्याचं नाव नसावं, हे कसं चालतं?

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण या प्रकरणानंतर कागद वाचले आणि जाणकारांना विचारलं. जे पक्कं आहे तेवढंच लिहितो.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्र, रेखाटन आणि छायाचित्र या कलाकृती आहेत. थंबनेल लहान असतं म्हणून ते त्यातून सुटत नाही. हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, चित्र केलं की हक्क तयार होतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते आणि चित्रासाठी साधं शुल्क 500 रुपये आहे. कलम 17 असं सांगतं की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. हे तुमच्या बाजूचं आहे आणि मी ते लपवत नाही. पण ज्या चॅनेलनं मला कधी पैसेच दिले नाहीत, त्याच्याकडे यातलं काहीच येत नाही. आणि मालकी विकल्यावरही कलम 57 प्रमाणे ते काम आपलं आहे असं सांगण्याचा आणि आपल्या नावाला कमीपणा येईल अशी त्याची मोडतोड थांबवण्याचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो. अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं काढून गोदामात टाकलं, तेव्हा 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमाखाली त्यांच्या बाजूनं निकाल दिला. समोर केंद्र सरकार होतं. म्हणजे "नाव टाकलं की हक्क सांगता" हे उलटं आहे. हक्क नावामुळे येत नाही, कामामुळे येतो. नाव टाका किंवा टाकू नका, तो आहेच.

हक्क लिहून द्यायचा तर कागदावर, सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात. व्हॉट्सॲपवरचा "ओके दादा" हा करारनामा नव्हे.

आणि एक कलम तुम्ही सगळ्यांनी भिंतीवर लावावं असं आहे, 31 सी (31C). 2012 च्या दुरुस्तीत आलेलं. दुसऱ्याचं जुनं गाणं या कलमाखाली नव्यानं गाऊन काढायचं, तर पहिल्या रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, मूळ हक्कदाराला आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते, आणि कव्हरवर हे कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र त्या कव्हरवर टाकता येत नाही, लोकांची फसगत होईल असं वेष्टन वापरता येत नाही. कायद्यानं इथे थेट कव्हरचा विचार केलाय. बाजारात कव्हर माणसाला फसवू शकतं, हे दिल्लीत बसलेल्यांना कळलं होतं.

बाहेर काय होतं तेही बघा. 2008 साली संगीतकार राम संपत यांनी आपली जाहिरातीसाठी केलेली चाल 'क्रेझी 4' सिनेमात उचलल्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात केला. सिनेमा प्रदर्शनाच्या तोंडावर होता, न्यायालयानं गाण्यांना हरकत घेतली आणि शेवटी निर्मात्यांनी दोन कोटी रुपये देऊन तडजोड केली. 2011 साली छायाचित्रकार डेव्हिड लाशापेल यांनी रिहानाच्या एका व्हिडिओत आपल्या छायाचित्रांची मांडणी, रंगसंगती उचलल्याचा दावा न्यूयॉर्कला केला. त्यातला कॉपीराइटचा दावा फेटाळावा ही मागणी न्यायालयानं मान्य केली नाही आणि प्रकरण तडजोडीनं मिटलं. मला दोन कोटी नकोत. खटलाही नको. कोर्टाच्या तारखांना जळगावला चकरा मारण्यापेक्षा मला चित्रं काढायची आहेत.

चौथी गोष्ट थोडक्यात. आता काही जण आमचीच जुनी कव्हरं एआयला दाखवून "असंच बनव" म्हणतात. यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. पण समोर ठेवलेलं चित्र ज्याचं आहे त्याला विचारा, त्याला पैसे द्या, आणि यंत्रानं केलंय हे लिहा. गोंदणाची उलटी अक्षरं काय, नि सहा बोटांचा हात काय, घाई तीच आहे.

तर माझ्या मागण्या या :

फोटोग्राफर, डिझायनर, पेंटर यांची नावं न टाकण्याचा निर्णय मागे घ्या आणि मागे घेतला असं जाहीर सांगा. नाव व्हिडिओखालच्या माहितीत गायकाच्या नावासोबत असावं, "अधिक पाहा" दाबून शेवटी सापडणाऱ्या ओळीत नको.

माझ्या मोठ्या मायचा हात असलेलं ते थंबनेल काढा. चॅनेलचं नाव मी इथे घेतलेलं नाही, घेणारही नाही. ज्यांचं आहे त्यांना माहीत आहे. त्यांनी घरी येऊन तिची माफी मागितली तर मला आनंद होईल. माझी नाही मागितली तरी चालेल.

ज्या कव्हरबद्दल तक्रार येईल ते आठ दिवसांत तपासा. त्यासाठी तुमच्यातले दोन आणि आमच्यातले दोन जण बसतील, मूळ फाइल बघतील आणि सांगतील. कॅमेऱ्यातली मूळ फाइल ज्याच्याकडे आहे ते कळायला पाच मिनिटं लागतात.

प्रत्येक कामाचा एक पानी कागद करा. मराठीत. काम कोणतं, पैसे किती, कधी देणार, कुठे कुठे वापरणार, किती वर्षं. फोटोत जी माणसं आहेत, विशेषतः बाया आणि लहान मुलं, त्यांची परवानगी त्याच कागदावर घ्या.

पारंपरिक गाण्याला पारंपरिक म्हणा. ज्या गावातून, ज्या बाईकडून मिळालं तिचं नाव लिहा. भजनी मंडळांवर आणि घरगुती व्हिडिओंवर लागलेले दावे शोधून मागे घ्या. तो पैसा तुमच्या हिशेबात दिसणारही नाही इतका थोडा असेल, पण त्या बायकांनी त्या दिवसापासून मोबाइलसमोर गाणं सोडलंय.

यातलं काहीही तुमच्या खिशाला न परवडणारं नाही. कमी पैसे देता म्हणून मी हे पत्र लिहिलेलं नाही. पैशांचं भांडण आपण समोरासमोर बसून मिटवत आलो आणि पुढेही मिटवू.

येत्या आखाजीपर्यंत मी वाट बघतो. अमळनेर, जळगाव, धुळे, जिथे म्हणाल तिथे बैठकीला येईन. माझ्याकडच्या जुन्या इनले, फोटो, मूळ फायली घेऊन येईन, तुम्हीही तुमच्या आणा. तोवर नाव न टाकणाऱ्या कुणाचंही काम मी घेणार नाही. माझ्याकडे शिकलेल्या मुलांनीही तसंच ठरवलंय आणि त्यांना मी अडवलेलं नाही.

आपला,
(सही)
पेंटर, अमळनेर